किनाऱ्यावरचं डांबर, निळ्या लाटा आणि सोलापुरात मिळणारी सुरमई: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही सोलापूरच्या, डिसेंबरात कोकणात गेला होतात तेव्हा रात्री लाटा निळ्या चमकताना दिसल्या, मग मे अखेरीस परत गेलात तर पोरांच्या तळव्यांना काळं चिकट डांबर लागलं, आणि लॉजवाल्याने "प्रदूषण आहे, दुसरं काय" म्हणून विषय संपवला. तुमचे दीर म्हणतात समुद्र एवढा मोठा, त्याला काय होतंय. तर तुमचं विचारणं असं की ते पाणी अंगावर घ्यावं का, इथं मिळणारी सुरमई खावी का, आणि मुलीला अकरावीचा प्रोजेक्ट या विषयावर करायचाय तर सोलापुरात बसून ती समुद्राचं काय तपासणार.

मी चोवीस वर्षं पाणी तपासायचं काम केलं, त्यातली बरीचशी मुंबई ते रत्नागिरीच्या पट्ट्यात, होडीत बसून बाटल्या भरायच्या आणि लॅबमध्ये येऊन त्या तपासायच्या. आता जुळे सोलापुरात घरी असतो, त्यामुळं वेळ आहे, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

दिरांपासून सुरुवात करतो, कारण ते अर्धे बरोबर आहेत आणि अर्धं बरोबर असलेलं लै अवघड असतं खोडायला. उघडा समुद्र खरंच लै पचवतो. मुंबईचं मैलापाणी वरळी आणि वांद्र्याला समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरच्या पुढं आत नेऊन सोडतात ते याच हिशेबावर. तिथं खोली असते, प्रवाह असतो, बोगद्याच्या टोकाला बरीच तोंडं असतात, त्यातून पाणी पसरून निघतं, शंभर पट पातळ होतं, वरून ऊन आणि खारट पाणी मिळून बरेचसे जंतू काही तासांत मरतात. हा उपाय आदर्श आहे असं मी म्हणत नाही, आधी नीट शुद्ध करून मग सोडावं हेच खरं, पण नाल्याने थेट किनाऱ्यावर ओतण्यापेक्षा हजारपट बरं.

घोळ होतो तो खाडीत. आपण सोलापूरकर समुद्र म्हटलं की चौपाटी डोळ्यासमोर आणतो, खाडी आपल्या डोक्यात नसतेच. खाडी म्हणजे समुद्राने जमिनीत घातलेला हात, गोडं पाणी वरून येतं, खारं खालून येतं, दोन्ही बाजूला चिखल आणि कांदळवन. कोळंबीची पिल्लं, बोय, जिताडा, चिंबोऱ्या, यांचं लहानपण तिथंच जातं, कारण मोठे मासे तिथवर सहज येत नाहीत आणि चिखलात खायला भरपूर. म्हणजे समुद्राचं बाळंतघर ते. आणि शहराचे सगळे नाले नेमके तिथंच येऊन मिळतात, कारण उतार तिकडंच आहे, नाल्याला काय कळतं.

आता लोकांना वाटतं भरती येते, ओहोटी होते, दिवसातून दोनदा पाणी बदलतंय म्हणजे खाडी धुतली जाते. तसं होत नाही. ओहोटीला जे घाण पाणी बाहेर गेलं त्यातलं बरंचसं तोंडाशीच घुटमळतं आणि सहा तासांनी भरतीबरोबर परत आत येतं. पाळण्यासारखं. पुढं-मागं, पुढं-मागं. पावसाळ्यात वरून नदीचं पाणी जोरात आलं की ते बाहेर ढकललं जातं, पण दिवाळीनंतर नदी आटली की खाडीच्या वरच्या टोकाला तेच पाणी आठवडे आठवडे हेलकावे खातं. ठाण्याची खाडी बघा नकाशात, वरच्या बाजूला जवळजवळ बंद झाल्यासारखी आहे, तिथं हे फार जाणवतं. तिकडंच फ्लेमिंगो येतात हजारोंनी, २०२२ मध्ये रामसर यादीतही गेली ती खाडी, आणि लोक म्हणतात बघा पक्षी आले म्हणजे पाणी स्वच्छ झालं. अहो, फ्लेमिंगो शेवाळ खातात, आणि शेवाळाला खत कुठून मिळतं ते विचारा की. पक्षी आले ते चांगलंच आहे, पण त्यांना पाण्याचं सर्टिफिकेट समजू नका. आपल्या उजनीवर भिगवणकडं ते येतात त्यालाही हेच लागू.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे ऑक्सिजन ऑक्सिजन आम्ही का करतो ते कळेल. मार्च महिना होता, खाडीच्या वरच्या टोकाला ओहोटी पूर्ण झालेली, सकाळचे साडेसहा. आमची होडी चिखलात टेकायला आली होती. होडीवाला तांडेल नाकावर रुमाल धरून बसलेला, सडक्या अंड्यांचा वास, तो हायड्रोजन सल्फाइडचा. मी तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली भरली. ही भरायची पण पद्धत आहे, नळी तळापर्यंत न्यायची, पाणी वरून वाहू द्यायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यात हवा आणि हवेत ऑक्सिजन, मग तुम्ही पाणी नाही तर बुडबुडा मोजता. मग त्यात दोन मिलि मँगनीज सल्फेट, दोन मिलि अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटीपालटी करायची. चांगल्या पाण्यात लगेच तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. जेवढा गडद तेवढा ऑक्सिजन जास्त. मग लॅबमध्ये येऊन ॲसिड घालायचं, ते पिवळं होतं, आणि थायोसल्फेटने थेंब थेंब टाकत आकडा काढायचा. त्या दिवशी बाटलीत साका आला तो पांढराशुभ्र. दह्यासारखा. पांढरा म्हणजे शून्य. पुढं आकडा काढायची गरजच नाही. मी ती बाटली तांडेलाला दाखवली तर तो म्हणाला, साहेब आम्हाला बाटली कशाला लागते, माझ्या बापाने याच जागी बोंबलासाठी डोल जाळं लावलेलं, आता मी तीन तास मशीन चालवत बाहेर जातो. माझ्या नोंदवहीत त्या दिवसाच्या नोंदीपुढं मी नुसतं 'पांढरा' लिहिलंय, अजून आहे ती वही.

हे शून्य येतं कुठून? विषाने नाही. साध्या मैल्याने, उष्ट्या-खरकट्याने, साबणाच्या पाण्याने. ते खायला जिवाणू येतात, खाताना ते ऑक्सिजन वापरतात, आणि जेवणावळ एवढी मोठी असते की माशांच्या वाट्याचा श्वास ते संपवून टाकतात. आम्ही बीओडी मोजतो ते हेच, बाटली २७ अंशावर तीन दिवस ठेवायची आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते बघायचं. अंघोळीलायक समुद्राच्या पाण्याला आपल्याकडं जो दर्जा ठरवलाय, त्याला एसडब्ल्यू-२ म्हणतात, त्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावा लागतो. आता यात एक गोम आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यात २८ अंशाला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, खाऱ्या पाण्यात त्याच तापमानाला साडेसहाच्याही आत. म्हणजे समुद्राच्या माशाचं पाकीट मुळातच छोटं. त्यातून पाणी तापलं की अजून कमी.

आणि अरबी समुद्राचं तर एक वेगळंच दुखणं आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत खाली ऑक्सिजन जवळजवळ नसलेला थर आहे, जगातल्या सगळ्यात जाड थरांपैकी एक, आणि तो प्रदूषणामुळं झालेला नाही, निसर्गाचाच आहे. पावसाळ्याच्या सुमारास हे कमी ऑक्सिजनचं खालचं पाणी वर सरकून पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात येतं, ऑगस्ट ते ऑक्टोबर त्याचा जोर असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचं यावर भरपूर काम आहे. म्हणजे ज्याला मुळात दमा आहे अशा माणसाच्या खोलीत आपण चूल पेटवतोय. बाहेरून कमी ऑक्सिजनचं पाणी, आतून नाल्याचं पाणी, मधल्या मध्ये मासा. एकट्या मैल्याने जेवढं नुकसान झालं असतं त्यापेक्षा ते इथं जास्त होतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आकडा एकच देतो. २०२१ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होतं, एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३६. म्हणजे अठ्ठावीस टक्के. बाकीचं जातं कुठं, तर जिकडं उतार तिकडं.

आता एक तक्रार पण ऐकवतो, राहवत नाही. एका कामात आमच्या वरच्यांनी निरोप पाठवला की सॅम्पल भरतीच्या वेळी घ्या, होडी लावायला सोपं पडतं. होडीला सोपं पडतं हे खरंच. पण पूर्ण भरतीला तुम्ही खाडीत उभं राहून समुद्राचं पाणी तपासता, ऑक्सिजन ५, सगळं छान. तीच जागा ओहोटीला १. मी रिपोर्टात सॅम्पलची वेळ आणि भरती-ओहोटी लिहायला लागलो तर मला सांगितलं गेलं की फॉर्मात तो कॉलम नाहीये. तेव्हापासून मला कुणीही पाण्याचा रिपोर्ट दाखवला की मी आधी आकडे बघत नाही, वेळ बघतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत घेतलं की भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, भरतीला की ओहोटीला, पहाटे की दुपारी. वेळ लिहिलेली नसेल तर तो कागद रद्दीत घाला, मी खरंच सांगतो.

पाणी निदान हलतं तरी, खरी गोष्ट चिखलात असते. आम्ही दोन जबड्यांचा लोखंडी खोका दोरीने खाली सोडून चिखल उचलायचो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवायचो. निरोगी चिखलात चाळणीवर शिंपल्यांची पिल्लं, बारके खेकडे, वेगवेगळ्या जातीचे किडे, गोगलगायी, असा मेळा भरलेला असतो. बिघडलेल्या चिखलात काय येतं, तर एकाच प्रकारचे केसासारखे बारीक लाल किडे, हजारोंनी. जीव कमी झालेले नसतात, जाती कमी झालेल्या असतात. निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारा बारका मासा, मात्र शेवटपर्यंत दिसते, कारण ती ओल्या कातडीतून हवेतला ऑक्सिजन घेते, तिला पाण्याच्या ऑक्सिजनचं तेवढं पडलेलं नसतं. म्हणून निवट्या उड्या मारताना दिसल्या की खाडी जिवंत आहे असं धरून चालू नका.

त्या काळ्या चिखलात जड धातू पण बसलेले असतात. कारखान्यातून आलेला पारा पाण्यात तपासला तर बऱ्याचदा सापडत नाही, मातीच्या कणांना चिकटून तो खाली बसतो. आणि ऑक्सिजन नसलेल्या चिखलातले जिवाणू त्याच पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, जे अंगातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणजे बघा, मैला आणि पारा या दोन वेगळ्या भानगडी वाटतात, पण मैल्याने ऑक्सिजन संपवला की पाऱ्याचं जास्त घातक रूप तयार व्हायला मोकळं रान मिळतं. किडा तो खातो, किड्याला बारका मासा खातो, त्याला मोठा, आणि प्रत्येक पायरीला साठा वाढत जातो. जपानात मिनामाताला १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेचा जो आजार उघडकीला आला, त्यात मिथाइल मर्क्युरी थेट कारखान्यातून आलं होतं, पण माणसांपर्यंत पोचलं ते याच माशांच्या साखळीने.

तेलाचं आणि डांबराचं बोलू आता. तुमच्या पोरांच्या पायाला लागलं ते डांबराचे गोळे. कच्चं तेल किंवा जहाजाचं जळणाचं तेल समुद्रात सांडलं की त्यातला हलका भाग उडून जातो, राहिलेला जाड भाग लाटांनी घुसळून घुसळून गोळा होतो. जहाजं टाक्या धुऊन पाणी समुद्रात सोडतात त्यातून येतं, तेल काढतात तिथून येतं, अपघातातून येतं. वर्षभर ते बाहेर तरंगत असतं, पण नैऋत्येचा वारा सुटला की किनाऱ्याला लागतं, म्हणून मे अखेर ते सप्टेंबर. तुम्ही डिसेंबरात गेलात तेव्हा नव्हतं आणि मे मध्ये होतं याचं कारण हेच, मधल्या पाच महिन्यांत कुणी येऊन ओतलं असं नाही. नियम असा आहे की जहाजाने बाहेर टाकलेल्या पाण्यात तेल दहा लाखात १५ भागांपेक्षा जास्त नको, पण रात्री भर समुद्रात बघायला कोण जातंय. पाय साफ करायला रॉकेल, पेट्रोल वापरू नका, कातडी सोलवटते. गोडं तेल किंवा खोबरेल लावा, पाच मिनिटं चोळा, कापसाने पुसा, मग साबण.

मोठे अपघातही झालेत आपल्याकडं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली, शेकडो टन तेल सांडलं, कीटकनाशकांचे कंटेनर पाण्यात पडले, मासेमारी थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॅक कॅरियर नावाचं कोळशाचं जहाज मुंबईपासून थोड्या अंतरावर बुडालं. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा-३ बुडालं तेव्हा किनाऱ्यावर प्लास्टिकचे पांढरे दाणे आले, साबुदाण्यासारखे, कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तू ज्यापासून करतात ते दाणे. वेचून संपत नाहीत ते. टीव्हीवर हे सगळं दिसतं कारण काळं तेल दिसतं, तेलात माखलेला पक्षी दिसतो. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर आपल्या किनाऱ्याचं रोजचं नुकसान तेलाने कमी आणि नाल्याने जास्त होतंय. तेलाची बातमी होते, नाल्याची होत नाही, एवढाच फरक. प्लास्टिकबद्दल सगळे बोलतात म्हणून मी फार बोलत नाही, एकच सांगतो, कांदळवनाची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात, आणि त्यावर पिशव्यांचा थर बसला की झाड उभ्याने गुदमरतं. मी ते थर हाताने उचललेत, खाली मूळ मऊ पडलेलं असतं.

निळ्या लाटा. त्याचं नाव नॉक्टिल्युका. एकाच पेशीचा जीव, पण एवढा मोठा की ग्लासात पाणी घेतलं तर नुसत्या डोळ्याला ठिपक्यासारखा दिसतो. त्याला धक्का लागला की चमकतो, म्हणून लाट फुटते तिथंच उजेड दिसतो, पाय आपटला तरी दिसतो. दिवसा तेच पाणी कधी कधी टोमॅटोच्या साराच्या रंगाचं दिसतं. आता हे प्रदूषण का? लॉजवाला म्हणाला हो, आणि बरेच लोक ठामपणे हो म्हणतात, मी एवढा ठाम नाही. हा जीव पूर्वीपासून आपल्या समुद्रात आहे, जुन्या कोळ्यांना माहितीये. पण तो ज्यांना खातो ती बारीक शेवाळं खत मिळालं की माजतात, आणि नाल्यातून नत्र आणि स्फुरद आलं की खत मिळालंच. म्हणजे चमक दिसली तर घाण आहेच असं नाही, पण तीच चमक दर वर्षी, जास्त दिवस, जास्त दाट दिसायला लागली तर वरच्या गावाचं सांडपाणी कुठं जातंय ते बघायला पाहिजे. बघायला हरकत नाही, फोटो काढा, पण दाट तवंग असेल तिथं पोहू नका, त्याच्या अंगात अमोनिया असतो, मेला की पाण्यात उतरतो.

अंघोळीचं. कोकणातल्या उघड्या पुळणीवर, नाला किंवा खाडीचं तोंड लांब असेल तर बिनधास्त जा. मोठ्या शहराच्या चौपाटीवर मी स्वतः गुडघ्याच्या वर जात नाही. एसडब्ल्यू-२ मध्ये शंभर मिलिलिटरला मैल्यातले जंतू, म्हणजे फिकल कोलिफॉर्म, १०० च्या आत पाहिजेत. नाल्याच्या तोंडाशी ते हजारांत असू शकतात. आणि कुठंही पहिला मोठा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नका, रस्त्यावरचं आणि गटारातलं साचलेलं सगळं तेव्हाच समुद्रात जातं. बारीक जखम असेल तर अजिबात नको.

आता सुरमई. हा प्रश्न तुम्ही शेवटी घातलाय पण तुमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला वाटतंय तसं नाहीये. सुरमई, मुशी, कुपा हे शिकारी मासे, त्यांच्यात पारा तुलनेने जास्त साठतो, बांगडा, तारली, मांदेली बारके आणि कमी जगणारे, त्यांच्यात कमी. म्हणून घरात गरोदर बाई किंवा लहान पोरं असतील तर मोठ्या माशांपेक्षा बारके मासे जास्त वेळा आणा, स्वस्तही पडतात. कालवं, तिसऱ्या, शिनाणे हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून खातात, त्यामुळं पाण्यातलं सगळं त्यांच्या पोटात, ते शहराजवळचे नकोच, आणि कुठलेही असले तरी नीट शिजवून. शिजवल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

पण सोलापूरच्या माणसाला समुद्राच्या घाणीपेक्षा मोठा धोका रस्त्यातल्या बर्फाचा आहे. मुंबई आपल्यापासून चारशे किलोमीटर. मासा होडीत एक-दोन दिवस, बंदरावर अर्धा दिवस, मग टेम्पोत रात्रभर. यात कुठंही बर्फ तुटला, विशेषतः उन्हाळ्यात, आपला उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे, तर सुरमई, बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, फ्रीजमध्ये ठेवून जात नाही, मसाल्याने तर अजिबात जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, खाज येते, डोकं दुखतं, छाती धडधडते, आणि लोक म्हणतात माशाची ॲलर्जी आहे. बऱ्याचदा ॲलर्जी नसते, तुटलेला बर्फ असतो. तर घेताना कल्ला उघडून बघा, लाल पाहिजे, चॉकलेटी नको. डोळा फुगीर पाहिजे. बोटाने दाबलं तर खड्डा भरून यायला पाहिजे. विक्रेत्याने कापून ठेवलेल्या तुकड्यांपेक्षा समोर अख्खा मासा कापून घ्या. आणि मासा चार दिवसांचा असून ताजा दिसतोय, माश्या पण बसत नाहीयेत, तर पुढं चला. मासा टिकवायला फॉर्मेलिन नावाचं रसायन मारतात म्हणून २०१८ मध्ये गोव्यात केवढा गोंधळ झाला आठवत असेल.

मी काय खातो विचाराल तर बांगडा, आणि उजनीचा चिलापी. चिलापीला लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडत, सकाळी पकडलेला दुपारी ताटात येतो.

उजनीचं नाव निघालंच आहे तर सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध सांगतो, कारण तो आहे आणि वेगळ्याच बाजूने आहे. आपलं पाणी अरबी समुद्रात जातच नाही. भीमेचा भीमाशंकरला उगम, पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून उजनीत, मग पंढरपूर, आपली सीना तिला मिळते, पुढं कर्नाटकात रायचूरजवळ ती कृष्णेला मिळते, कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर करत विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरून हंसलदीवीला बंगालच्या उपसागरात. तुम्ही कोकणात बघितला तो समुद्र आपला नव्हेच, आपला तिकडं पूर्वेला आहे.

आणि आपली घाण तिथवर पोचते का? बरीचशी नाही पोचत. उजनीतच थांबते. तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये भिगवणला गेलात तर पाणी वाटलेल्या पालकासारखं दिसतं, तेच नत्र, तेच स्फुरद, तेच शेवाळ. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं म्हणून दुपारी मोजला तर भरपूर येतो, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं, आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसतात. खाडीत जे ओहोटीला होतं ते इथं पहाटे होतं. यंत्रणा तीच.

समुद्राला आपल्याकडून पोचायला पाहिजे होतं ते मात्र पोचत नाही. गाळ आणि पाणी. धरणामागं धरण असल्याने कृष्णेचा गाळ वाटेतच बसतो, आणि कमी पावसाच्या वर्षी समुद्रापर्यंत पाणीच जेमतेम जातं. मग मुखाजवळची जमीन भरून निघत नाही, खारं पाणी आत सरकतं, आणि नदीच्या पाण्यात विरघळून जाणारी सिलिका कमी पडते. सिलिका कशाला लागते, तर डायटम म्हणून जे शेवाळ आहे, ज्यावर तारलीसारखे मासे जगतात, त्याचं कवचच सिलिकेचं असतं. नत्र वाढलं आणि सिलिका कमी झाली की डायटम मागं पडतात आणि दुसरेच जीव पुढं येतात. समुद्रात काय टाकलं यावर सगळे भांडतात, काय पोचू दिलं नाही यावर कुणी बोलत नाही. आपण ऊस लावणारी माणसं, आपल्याला हे बोलायला जड जातं, मलाही जातं, माझ्या भावाचा ऊस आहे.

तर मुलीच्या प्रोजेक्टचं. समुद्राला जायची गरज नाही. सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलाव, कुठलाही एक घ्या. एकाच जागेवरून, एकाच खोलीवरून, पहाटे साडेपाच आणि दुपारी तीन, असे दोन वेळा पाणी घ्यायचं, सलग सात दिवस. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून मी वर सांगितलेली बाटलीची पद्धत करायची, ॲसिड आहे त्यात, घरी करू नका. सोबत पाण्याचं तापमान लिहायचं, ढग होते का ते लिहायचं, आणि एक साध्या पाण्याची आणि एक मीठ घातलेल्या पाण्याची बाटली करून ठेवायची, मीठ लिटरला ३५ ग्रॅम, या दोन्ही बाटल्यांत फिशटँकच्या पंपाने हवा सोडून मोजलं तर गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला फरक तिला स्वतःच्या आकड्यात दिसेल. पहाटेचा आणि दुपारचा आकडा सारखा आला तर बाटली भरताना चूक झालीये असं आधी समजायचं, बुडबुडा राहिला असणार. परत भरायची. आणि वहीत वेळ लिहायला विसरू नको म्हणावं, कॉलम नसला तरी.